मराठी ख्रिस्ती मंडळीतील एतद्देशीय नेतृत्वाची जडणघडण (१८५४–१९१९) : एक ऐतिहासिक आढावा

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी लिहिला गेला आहे. पहिले अंग मिशनरी संस्थांच्या कार्याचे. शाळा, रुग्णालये, छापखाने आणि धर्मप्रसार यांचा वृत्तांत त्यात येतो. दुसरे अंग धर्मांतराचे. त्यात धर्मांतरामुळे उठलेले वादळ, खटले, बहिष्कार आणि वृत्तपत्रीय वाद यांना प्राधान्य मिळते. या दोन्ही मांडण्यांत एक प्रश्न मात्र बाजूस राहतो. बाप्तिस्मा झाल्यानंतर, मंडळीत प्रवेश मिळाल्यानंतर, त्या व्यक्तीचे पुढे काय झाले? ती मंडळीत कोणत्या स्थानी पोहोचली, तिला अधिकार कोणी दिला, तो तिने कसा वापरला, आणि या प्रवासात तिच्या स्वतःच्या श्रद्धेत व स्वभावात कोणते बदल घडले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्या शतकाची पहिली दोन दशके एवढ्या मर्यादित काळापुरता करण्याचे योजिले आहे. पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक ही दोन चरित्रे विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत. इतरांचा उल्लेख ओघाने येईल.

'नेतृत्व' हा शब्द येथे आजच्या व्यवस्थापनशास्त्रातील अर्थाने वापरलेला नाही. मंडळीच्या परिभाषेत पाळक, वडील, उपदेशक, शुभवर्तक अशी पदे आहेत आणि त्यांची कर्तव्ये ठरलेली आहेत. परंतु पद मिळणे आणि नेता होणे या दोन गोष्टी या काळात क्वचितच एकत्र आलेल्या दिसतात. पद मिशन देत असे. तिचे वेतनही मिशनच देत असे. साहजिकच पाळक आपल्या मंडळीला उत्तरदायी की वेतन देणाऱ्या संस्थेला, की केवळ स्वतःच्या सदसद्विवेकाला, हा प्रश्न प्रत्येक विचारी ख्रिस्ती कार्यकर्त्यासमोर कधी ना कधी उभा राहिला.

पाळकपदाचा आरंभ

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये सुरू झाले. पुढे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच निघाले. तथापि मंडळीची धुरा पहिली काही दशके परदेशी मिशनऱ्यांच्याच हाती होती. या स्थितीला छेद देणारे वर्ष म्हणून १८५४ चा निर्देश करावा लागतो. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचे शिष्टमंडळ १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि स्वतःचा विस्तार स्वतः करावा, या त्रिसूत्रीचे अँडरसन हे पुरस्कर्ते होते. इंग्लंडमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री वेन हेही याच सुमारास तोच विचार मांडत होते. मिशनरी हा मचाणासारखा असावा, इमारत उभी राहिली की मचाण काढून घ्यावे, असा या विचाराचा सारांश सांगता येईल.

हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती याच काळात, १८५४ मध्ये. हरिपंतांचा बाप्तिस्मा १८३९ चा. म्हणजे दीक्षेपर्यंत पंधरा वर्षांची उमेदवारी झालेली होती. ज्या परदेशी मिशनऱ्याला मराठी भाषाच नव्याने शिकावी लागे, तो येथे आल्या दिवसापासून अधिकारी असे. आणि जन्माने मराठी, शास्त्राध्ययनाची परंपरा लाभलेल्या माणसाला दीड दशक साहाय्यक म्हणून काढावे लागे. या विषमतेचा दोष कोणा एका मिशनऱ्याच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण ती व्यवस्थेतच होती. पण तिची नोंद न करता पुढे जाणेही बरोबर नाही.

अँडरसन यांच्या धोरणाला दुसरीही बाजू होती. मिशनचे प्रयोजन मंडळ्या स्थापणे हे असून इंग्रजी शिक्षण देणे हे नव्हे, या भूमिकेतून मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली. पाळकाने गावकऱ्यांच्या भाषेत बोलावे, त्यांच्यासारखे राहावे, म्हणजे त्याचे वेतन मंडळीला झेपेल, हा त्यामागचा हिशेब तर्काला धरून होता. परिणाम मात्र असा झाला की, ज्या शिक्षणामुळे एतद्देशीय पाळक मिशनऱ्याच्या बरोबरीने चर्चेला बसू शकला असता, ते शिक्षणच त्याच्यापासून दूर गेले. स्वावलंबनाचे तत्त्व आणि समान दर्जाची आकांक्षा यांच्यातील हा पेच पुढील साठ वर्षे सुटला नाही. त्यातच गावोगावच्या मंडळ्या दुष्काळाने वारंवार गांजलेल्या शेतमजुरांच्या. पाळकाचा पगार त्यांनी द्यावा ही अपेक्षा कागदावर कितीही योग्य असली, तरी नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात ती पुरी होणे दुरापास्त होते.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा बाप्तिस्माही १८५४ चाच, बेळगावचा. मुंबईत शिकत असताना त्यांचा परमहंस मंडळीशी संबंध आला होता. जातिभेद मोडावा हे त्यांना पटले होते; पण ते गुप्तपणे करण्यात त्यांचे समाधान होईना. या अस्वस्थतेचा वृत्तांत 'अरुणोदय' या त्यांच्या आत्मचरित्रात (१८८८) सविस्तर आला आहे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. तथापि मंडळीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. ख्रिस्ती कार्यकर्त्याने आपली आंतरिक वाटचाल मराठीत, मराठी वाचकांसाठी, तपशीलवार मांडण्याचा प्रघात त्याने बळकट केला. बाबांनी पुण्यास फ्री चर्चच्या मंडळीचे पाळकपद काही वर्षे सांभाळले आणि नंतर ते लेखनाकडे वळले. पाळकाच्या आसनापेक्षा लेखणीतून मंडळीला वळण लावता येईल, हा त्यांचा निर्णय पुढच्या पिढीतील टिळकांच्या वाटेशी जुळणारा आहे. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणाऱ्याची ती स्वाभाविक ओढही असावी.

रमाबाई : सदसद्विवेक आणि अधिकार

पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांतील त्यांचा पत्रव्यवहार हा, प्रस्तुत लेखकाच्या मते, मराठी ख्रिस्ती नेतृत्वाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी १९७७ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील आणि स्वतः रमाबाई हे त्यातील प्रमुख पत्रलेखक.

वादाचे निमित्त तसे लहान होते. चेल्टनहॅम येथे असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची संधी रमाबाईंपुढे आली. बील यांची संमती होती. सिस्टर जेराल्डीन यांनी मात्र हिंदुस्थानातील बिशपांचे मत मागविले, आणि मुंबई व लाहोरच्या बिशपांनी प्रतिकूल अभिप्राय दिला. हिंदुस्थानात परतल्यावर अशा स्त्रीचा प्रभाव राहणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. ज्या स्त्रीने वडिलांबरोबर पायी देश पालथा घातला, पुराणे सांगितली, कलकत्त्याच्या पंडितांसमोर भाषण करून 'पंडिता' ही पदवी मिळविली, तिने पुरुषांसमोर बोलावे की नाही हे तिच्या समाजाचे नाव पुढे करून तिला समजावले जात होते. रमाबाईंचे उत्तर संयत, पण निःसंदिग्ध होते. आपण ख्रिस्ताला शरण गेलो आहोत, बिशपांना नव्हे. कोणाच्या सल्ल्याचा आदर करणे वेगळे आणि आपली विचारशक्ती त्याच्या स्वाधीन करणे वेगळे, हे त्यांनी पुनःपुन्हा मांडले.

क्रुसाचा प्रसंग याच पत्रव्यवहारातला. क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्याला रमाबाईंनी हरकत घेतली. आपल्या देशभगिनींना न कळणारी भाषा अंगावर बाळगण्यापेक्षा तेथे संस्कृत शब्द असावेत, असे त्यांचे म्हणणे. वरवर पाहता हा हट्ट वाटेल. पण ज्यांना संस्कृतचे कर्मकांडातील स्थान माहीत आहे, त्यांना यातील गंमतही जाणवेल. कारण संस्कृतही त्या देशभगिनींना कळत नव्हतेच. रमाबाईंच्या भूमिकेतील ही विसंगती त्यांच्या लक्षात पुढे आली असावी, असे त्यांच्या उत्तरायुष्यातील भाषांतरकार्याकडे पाहता म्हणता येते. मुक्तिमिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून पवित्र शास्त्राचे जे मराठी भाषांतर केले, त्यात संस्कृतप्रचुर धार्मिक परिभाषा कटाक्षाने टाळून अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी भाषा वापरली. संस्कृत शब्दांच्या आग्रहापासून सोप्या मराठीच्या आग्रहापर्यंतचा हा प्रवास सुमारे वीस-पंचवीस वर्षांचा आहे.

हिंदुस्थानात परतल्यावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास गेले. विद्यार्थिनींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जात असल्याचा आरोप होऊन १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. या प्रकरणाची हिंदू सुधारकांच्या बाजूने बरीच चर्चा झाली आहे. तत्पूर्वी, १८८५ मध्येच, जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मधून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती, याचेही स्मरण ठेवले पाहिजे. परंतु मंडळीच्या दृष्टीने अधिक लक्षणीय बाब अशी की, रमाबाई याच काळात एका आंतरिक स्थित्यंतरातून जात होत्या. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताशी आपला साक्षात संबंध जडला तो नंतर, १८९१ च्या सुमारास, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षे होऊन गेली होती. एका प्रख्यात संस्थाचालिकेने, जिच्या नावावर अमेरिकेत निधी गोळा होत होता, आपली श्रद्धा एवढा काळ अपुरी होती असे छापून सांगावे, ही घटना सामान्य नव्हे. संस्थेचा व्याप वाढत असताना स्वतःच्या आध्यात्मिक अवस्थेचा असा कठोर हिशेब मांडणारे नेते कोणत्याच समाजात फारसे नसतात.

दुष्काळ आणि प्लेग यांच्या काळात, १८९६ नंतर, केडगावचे मुक्तिमिशन उभे राहिले. मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून आणलेल्या शेकडो स्त्रिया व मुली तेथे राहू लागल्या. शेती, विणकाम, शिवण, स्वयंपाकघर, छापखाना अशी कामे स्त्रियाच करीत. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे खिळे जुळविणाऱ्याही त्याच होत्या. तत्कालीन कोणतीही मंडळी स्त्रीला पाळकपदाची दीक्षा देत नव्हती. स्त्रियांसाठी 'बायबल बाई' हे एकच वेतनी काम मंडळीत मान्य होते आणि ते सर्वांत खालच्या पायरीचे मानले जाई. मुक्तीमध्ये मात्र प्रार्थनेचे, शिक्षणाचे, शिस्तीचे सर्व अधिकार स्त्रियांकडे आले. १९०५ मधील धर्मजागृतीच्या वेळी तेथील तरुण मुलींचे गट गावोगाव जाऊन प्रवचने करू लागले. दीक्षेच्या चौकटीला हात न लावता रमाबाईंनी ती चौकट गैरलागू करून टाकली, असे म्हणता येईल.

तथापि येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. बिशपांच्या अधिकाराला प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई केडगावात स्वतः सर्वाधिकारी होत्या. तेथे त्यांच्या निर्णयाला प्रश्न विचारणारी दुसरी रमाबाई तयार झाल्याचे दिसत नाही. शेकडो निराधार स्त्रियांच्या संस्थेत, दुष्काळाच्या धामधुमीत, मतभेदांना जागा ठेवणे सोपे नव्हते हे खरे. पण याचा परिणाम उत्तराधिकाराच्या प्रश्नावर झाला. सर्व भिस्त एकुलत्या एका कन्येवर, मनोरमेवर, होती. ती १९२१ मध्ये निवर्तली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. त्यांचे संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

टिळक : वेतनाचा त्याग

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या धर्मांतराची कथा मराठी वाचकांस 'स्मृतिचित्रे'मुळे परिचित आहे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका इंग्रज सहप्रवाशाने दिलेला नवा करार, पुढील दीड-दोन वर्षांचे मनोमंथन आणि १० फेब्रुवारी १८९५ चा मुंबईतील बाप्तिस्मा हा तपशील येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. पुढे ते अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने नगर येथे राहिले, ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, 'बालबोधमेवा' व 'ज्ञानोदय' यांच्या संपादनात भाग घेतला, आणि १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. येथून ते 'रेव्हरंड' झाले.

टिळकांचे मंडळीतील खरे कार्य उपासनेच्या भाषेत झाले. तोवर मराठी मंडळ्यांतून गाइली जाणारी बहुतांश गीते इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरे होती. त्यांची वृत्ते मराठी कानाला परकी वाटत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी अभंग, ओवी आणि देशी चाली यांमधून ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, ही त्यांची धारणा होती आणि ती त्यांनी लपविली नाही. काही मिशनऱ्यांना हे रुचणे अवघड होते हे उघड आहे. परंतु सामान्य ख्रिस्ती माणसाला, ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जात्यावरच्या ओव्या आणि भजने होती, आपले पूर्वायुष्य सर्वस्वी टाकाऊ नव्हते असे प्रथमच जाणवले. नेतृत्वाचा हा प्रकार पदाधिकारातून येत नाही. लोकांच्या तोंडी शब्द देणारा माणूस त्यांचा पुढारी होतो, मग मिशनच्या वेतनपत्रकावर त्याचा क्रमांक कितवाही असो.

वेतनपत्रकाचा उल्लेख येथे हेतुतः केला आहे. १९१० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरया यांनी परदेशी मिशनरी आणि एतद्देशीय कार्यकर्ते यांच्यातील संबंधांवर प्रखर भाषण केले. मिशनऱ्यांनी पुष्कळ त्याग केला आहे, पण मैत्री दिलेली नाही, हा त्या भाषणाचा गाभा. धनी आणि नोकर, दाता आणि याचक अशा नात्यात मंडळी वाढत नाही, हे ते सांगत होते. अझरया १९१२ मध्ये दोर्नाकलचे बिशप झाले. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप. अझरया यांनी रचनेच्या आत राहून, बिशपपद स्वीकारून, ग्रामीण दलित मंडळ्यांतून पाळक घडविण्याचा मार्ग पत्करला. टिळकांचा मार्ग वेगळा ठरला.

१९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनशी असलेला वेतनाचा संबंध सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक त्यात समान भावाने यावेत, ही त्यामागची कल्पना होती. ती ऐकताना उदार वाटते. मंडळीच्या घटनेच्या दृष्टीने मात्र ती अत्यंत क्रांतिकारक होती. कारण मंडळीची सीमा बाप्तिस्म्याने ठरते. बाप्तिस्मा न घेतलेल्याला बंधू म्हणून आत घ्यावयाचे, तर प्रभुभोजनाचे काय, शिस्तीचे काय, मंडळीच्या नोंदवहीत नाव कोठे लिहावयाचे, असे प्रश्न ओघाने येतात. टिळकांनी या प्रश्नांची पद्धतशीर उत्तरे लिहून ठेवली नाहीत. ते कवी होते, घटनाकार नव्हते, ही त्यांची मर्यादा येथे जाणवते. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचा मृत्यू झाला आणि दरबार संस्थारूपाने टिकला नाही.

टिळकांच्या या निर्णयाकडे केवळ राष्ट्रीय अस्मितेचा आविष्कार म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ते अंशतः योग्य आहे. तथापि त्यांच्या वृत्तीतील संन्यासाचे आकर्षण लक्षात घेतल्याशिवाय त्याचा पुरा उलगडा होत नाही. आपल्याकडे धर्मोपदेशकाने महिन्याच्या महिन्याला पगार घ्यावा ही कल्पनाच लोकांना चमत्कारिक वाटे. कीर्तनकाराला बिदागी मिळते, साधूला भिक्षा मिळते, भटजीला दक्षिणा मिळते. पण हजेरीपटावर सही करून ईश्वराचे नाव सांगणारा माणूस लोकांच्या लेखी नोकरच. टिळकांना हे बोचत होते. वेतन सोडल्यावाचून आपल्या शब्दाला वजन येणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती.

लक्ष्मीबाई : पदाविना वाढ

या त्यागाची किंमत घरात कोणी दिली, हे पाहण्यासाठी लक्ष्मीबाईंकडे (१८६८–१९३६) वळावे लागते. मिळालेले पैसे वाटून टाकण्याची, कोणालाही घरी आणून ठेवण्याची टिळकांची सवय प्रसिद्धच आहे. बालकवी ठोमरे यांनाही या घराचा आसरा मिळाला होता. पाहुणचाराचे पुण्य टिळकांच्या खाती जमा होई. चुलीपुढे लक्ष्मीबाई असत. 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) मध्ये हे सारे ज्या खेळकरपणे आले आहे, त्यामुळे त्यातील कष्टांकडे वाचकाचे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

मंडळीतील वैयक्तिक वाढीचा अभ्यास करणाऱ्यास लक्ष्मीबाईंचे उदाहरण टिळकांपेक्षाही अधिक उपयोगी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सोवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेल्या पित्याच्या घरी त्या वाढल्या. अकराव्या वर्षी लग्न, शाळेचे शिक्षण नाही, अक्षरओळख पतीकडून. पतीने धर्म सोडल्यावर काही वर्षे ताटातूट. पुढे नगरला येऊनही आरंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. १८९५ ते १९०० या पाच वर्षांत त्यांच्यावर कोणाच्या उपदेशाने एकाएकी परिणाम झाला नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, आणि मग खाण्यापिण्याची बंधने गळून पडली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० चा. म्हणजे त्यांच्या बाबतीत आचरण आधी बदलले आणि विधी मागाहून झाला. कित्येक धर्मांतरितांच्या बाबतीत क्रम नेमका उलटा होता, आणि काहींच्या बाबतीत आचरण बदलण्याचा टप्पा आलाच नाही. टिळकांच्या निधनानंतर त्यांनी अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हाती घेऊन पूर्ण केले. या महाकाव्याचे बहुसंख्य अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. मंडळीने त्यांना कोणतेही पद दिले नव्हते.

नोंदीबाहेरचे नेते

येथवर आलेली बहुतेक नावे ब्राह्मण कुटुंबांतील आहेत. बाबा पदमनजी कासार समाजातील असले तरी मुंबईच्या इंग्रजी विद्यालयात शिकलेले. वस्तुस्थिती अशी की, अहमदनगर जिल्ह्यातील मंडळ्यांचे बहुसंख्य सभासद महार व मांग समाजांतील होते. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर ही संख्या आणखी वाढली. गावोगावी शाळा चालविणारा, रविवारी उपासना घेणारा, आजाऱ्यांना भेटणारा, पाटील-कुलकर्ण्यांशी तंटा मिटविणारा आणि पाणवठ्यावर अडविलेल्यांची बाजू मामलेदारापुढे मांडणारा 'मास्तर' याच समाजांतून येत असे. मंडळी प्रत्यक्षात त्याच्या खांद्यावर उभी होती. पण त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. मिशनच्या वार्षिक अहवालांत तो बहुधा संख्येच्या रकान्यात भेटतो. ब्राह्मण धर्मांतरिताचा बाप्तिस्मा ही परदेशी देणगीदारांना कळविण्याजोगी वार्ता होती. महार मास्तराची तीस वर्षांची चाकरी ही तशी वार्ता नव्हती. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासकारांनीही हा कल बहुतांशी तसाच पुढे चालविला आहे.

मंडळीत जातीचे प्रश्न संपले नव्हते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके ओळखले होते. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर ख्रिस्ती धर्माचा पर्यायही चर्चेत होता. १९३८ च्या आरंभी सोलापूर येथे ख्रिस्ती श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणात त्यांनी या समाजाच्या राजकीय उदासीनतेवर बोट ठेवले. अस्पृश्यांतून आलेल्या ख्रिस्ती जनांनी आपल्या नागरी हक्कांसाठी संघटितपणे झगडणे टाळले आहे, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. मंडळीतील नेतृत्वाची जी घडण वर पाहिली, तिच्यावर ही टीका थेट लागू पडते. रमाबाई आणि टिळक यांनी आपले स्वातंत्र्य मिशन व बिशप यांच्यापुढे सिद्ध केले. गावगाड्यात, वेशीबाहेर राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला ज्या सत्तेशी रोज सामना करावा लागे ती सत्ता निराळी होती. तिच्याविषयीचे मार्गदर्शन त्याला या थोर व्यक्तींच्या लेखनात फार थोडे सापडे.

पुढील वाटचाल

टिळकांचे चरित्र १९२३ मध्ये जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंनी लिहिले. त्याच विन्स्लोंनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता. खादी, भूमीवरची बैठक, मराठी भजने आणि युरोपीय व भारतीय यांचे समान सहजीवन ही संघाची वैशिष्ट्ये होती. १९२७ नंतर त्याचे केंद्र पुण्यास आले. दरबाराची कल्पना अशा रीतीने एका परदेशी माणसाच्या पुढाकाराने संस्थेच्या रूपात काही काळ जगली, हे थोडे विचित्रच. १९२४ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली. इंग्रजी शिक्षणाला कात्री लागल्यापासून नगरच्या मंडळीत जी उणीव राहिली होती, ती त्या मंडळीच्याच एका सुपुत्राने नव्वद वर्षांनी अशा प्रकारे भरून काढली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन मंडळीचा कारभार औपचारिकरीत्या भारतीयांच्या हाती आला. अँडरसन यांच्या त्रिसूत्रीतील पहिले सूत्र पूर्ण होण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला.

रमाबाईंचे भाषांतर मंडळ्यांच्या रविवारच्या वाचनात रूढ झाले नाही. त्या जागी बायबल सोसायटीचीच भाषांतरे राहिली. टिळकांच्या गीतांचे भाग्य वेगळे ठरले. ज्या मंडळ्यांच्या मिशनचे वेतन त्यांनी नाकारले, त्यांच्याच 'उपासना संगीता'त त्यांची पदे मोठ्या संख्येने समाविष्ट झाली, आणि गावच्या मास्तरांनी पेटी-तबल्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या शिकविली.